शनिवारचा रकाना: एका ख्रिस्ती विद्यापीठाच्या बी.एड. विभागातलं प्रकरण

शाळेचं पत्र चार ओळींचं होतं. आपले आठ छात्राध्यापक ऑगस्टपासून एकाही शनिवारी शाळेत हजर नाहीत, शाळेच्या हजेरीपत्रकाप्रमाणे त्यांची उपस्थिती 83 टक्के भरते, आंतरवासितेला 90 टक्के लागते, सबब प्रमाणपत्र देण्यास अडचण आहे, कळावे. खाली मुख्याध्यापकांची सही आणि शाळेचा गोल शिक्का. छात्राध्यापक म्हणजे बी.एड.ची मुलं, आणि आंतरवासिता म्हणजे त्यांनी शाळेत जाऊन करायचं प्रत्यक्ष काम.

विद्यापीठ सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथाचं. शाळा मराठी माध्यमाची, खाजगी अनुदानित, पाचवी ते दहावी. दोन्हींची नावं इथे नाहीत, कारण हे प्रकरण शिक्षक-प्रशिक्षकांच्या चर्चेसाठी बेतलेलं आहे. कुठल्याही विभागाच्या दप्तरातून ते उचललेलं नाही. नियम आणि सन मात्र खरे आहेत. ॲडव्हेंटिस्टांचं शिक्षणकार्य महाराष्ट्राला नवं नाही. 1915 मध्ये कोइमतूरला सुरू झालेली त्यांची प्रशिक्षण शाळा 1942 मध्ये पुण्यात आली, स्पायसर कॉलेज म्हणून ओळखली गेली आणि 2014 मध्ये राज्याच्या कायद्याने विद्यापीठ झाली. औंधकडे जाणाऱ्या अनेक पुणेकरांनी ती पाटी पाहिलेली असते. आतल्या आठवड्याची घडी वेगळी असते, हे फार जणांना ठाऊक नसतं.

आठवड्याची घडी

या पंथात शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विसाव्याचा पवित्र दिवस, शनिवारी. तोही मध्यरात्री सुरू होत नाही. शुक्रवारच्या सूर्यास्ताला लागतो आणि शनिवारच्या सूर्यास्ताला सुटतो. बायबलमधल्या निर्गमच्या विसाव्या अध्यायातली आज्ञा ते शब्दशः घेतात: सहा दिवस काम, सातवा विसाव्याचा. त्यामुळे विभाग रविवारी उघडतो आणि शुक्रवारी दुपारी मिटतो.

रविवार हा टाचणांचा, म्हणजे पाठांच्या लेखी आराखड्यांचा दिवस. शाळा बंद, बस रिकाम्या आणि सगळे छात्राध्यापक व पद्धती विषयांचे, म्हणजे एखादा विषय कसा शिकवायचा ते शिकवणारे, सगळे प्राध्यापक एका जागी. लांब टेबलावर आठवड्याभराची टाचणं पसरलेली असतात. उद्दिष्टं, स्पष्टीकरणं, अध्यापक कृती, विद्यार्थी कृती, फलकलेखन असे रकाने आखलेले, आणि ते भरताना मुलं विद्यार्थी कृतीखाली ‘विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकतात’ असं ठोकून देतात. गणिताच्या सरांचा लाल पेन तिथेच थांबतो. एका रविवारी सहावीच्या अपूर्णांकांच्या बेरजेचं टाचण समोर होतं. सरांनी विचारलं, ‘एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश, असं पोरगं म्हणालं तर काय करणार?’ छात्राध्यापक म्हणाला, ‘चुकलं म्हणून सांगेन.’ ‘ते त्यालाही कळेल हो. पण का चुकलं?’ दुपारपर्यंत ते टाचण तीनदा फाडलं गेलं. शेवटी त्यात एक प्रश्न आला: दोन पंचमांश हे अर्ध्यापेक्षा मोठे की लहान? अर्ध्यात काहीतरी मिळवलं आणि उत्तर अर्ध्याहून कमी आलं, हे मुलाने स्वतः पाहिलं की पुढचं समान छेदाचं सांगायला फार कष्ट पडत नाहीत.

ही चैन बाकीच्या बी.एड. कॉलेजांना परवडत नाही. तिथे टाचणं शाळा सुटल्यावर, संध्याकाळी उभ्याउभ्या तपासली जातात. मेथडच्या मॅडमना घरी जायचं असतं, मुलीला शेवटची एस.टी. पकडायची असते, आणि सही होते. या प्रकरणात विभागाला बोल लावणाऱ्यांनी रविवारची ही सहा तासांची बैठक आधी पाहायला हवी, असं माझं मत आहे.

सोमवार ते शुक्रवार शाळा. आठवड्यातून एकदा चॅपल, म्हणजे सामूहिक उपासना असते, पण आंतरवासितेवरची मुलं त्यातून मोकळी. चॅपलबद्दल बाहेर फार गैरसमज असतात. राज्यघटनेच्या कलम 28(3) प्रमाणे मान्यताप्राप्त संस्थेत कुणालाही त्याच्या, किंवा तो अज्ञान असेल तर पालकाच्या, संमतीवाचून धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. या विभागात प्रवेशाच्या वेळीच संमतीचा कागद भरून घेतात. अठरापगड मुलं असतात, काही जण गाण्यासाठी येतात, काही जण मागे बसून मोबाइल बघतात. तो वादाचा विषय नाही.

वादाचा विषय शुक्रवारची संध्याकाळ आणि तिच्यानंतरचा दिवस. पुण्यात जूनमध्ये सूर्य सव्वासातच्या आसपास मावळतो, नोव्हेंबर-डिसेंबरात सहाच्या सुमारास. शाळा पाचला सुटते. उन्हाळ्याच्या बाजूला शुक्रवार सहज पार पडतो. हिवाळ्यात मात्र पाचला निघालेलं पोर दोन बस बदलून विद्यापीठाच्या परिसरात पोचेपर्यंत दिवेलागण झालेली असते. त्याआधी वसतिगृहात शनिवारचा स्वयंपाक उरकलेला, कपड्यांना इस्त्री झालेली, ग्रंथालयाला कुलूप लागलेलं. मग संध्याकाळची उपासना. शनिवारी शब्बाथ शाळा (म्हणजे बायबलचा अभ्यास), भक्ती, एकत्र जेवण, दुपारी फिरणं. वही उघडायची नाही, टाचण लिहायचं नाही, प्रात्यक्षिक तर नाहीच नाही.

पाच भागिले सहा

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या 2014 च्या विनियमांनी बी.एड. दोन वर्षांचं केलं. आंतरवासितेला वीस आठवडे आले, त्यातले सोळा दुसऱ्या वर्षी. उपस्थिती तासिका-प्रात्यक्षिकांना 80 टक्के, आंतरवासितेला 90. संस्थेने आठवड्याला किमान 36 तास चालायचं, पाच किंवा सहा दिवस. या शेवटच्या अटीवर विभागाची सारी भिस्त होती. आम्ही रविवार ते शुक्रवार सहा दिवस चालतो, मग अडचण कुठे आहे?

अडचण शाळेच्या हजेरीपत्रकात होती. सुट्ट्यांचा हिशोब बाजूला ठेवला तर सोळा आठवड्यांचे सहाने 96 दिवस. छात्राध्यापक येणार 80 दिवस. 80 भागिले 96 म्हणजे 83.33. नव्वद टक्क्यांना 87 दिवस हवेत, सात कमी पडतात. विभागातल्या एका तरुण प्राध्यापकाने सुचवलं, ‘दोन आठवडे जास्त पाठवू, भरून निघेल.’ मॅडमनी, म्हणजे विभागप्रमुखांनी, कागदावर आकडेमोड केली आणि हसल्या. अठरा आठवडे केले तर 108 पैकी 90, पुन्हा 83.33. आठवडे कितीही वाढवा, पाच भागिले सहा ते पाच भागिले सहाच राहतं. गणिताच्या सरांना सकाळी हा पाठ घेता आला असता.

मग तासांचा मार्ग निघाला. शाळा रोज अकरा ते पाच, सहा तास. शनिवारी सकाळची, साडेसात ते अकरा, साडेतीन तास. आठवड्याचे साडेतेहतीस तास आणि त्यातले तीस हजर. 89.55 टक्के. अर्ध्या टक्क्याने हुकलं. त्यात हिवाळ्यातल्या शुक्रवारी तासभर आधी निघण्याची परवानगी घेतली की पुन्हा 86.57 वर घसरण.

मुख्याध्यापकांच्या खोलीत बैठक झाली ती या आकड्यांसकट. चहा आला, पार्ले-जी आलं. मॅडम म्हणाल्या, ‘सर, आमची मुलं आठवड्याला सहा दिवसच राबतात. तुमचा शनिवार नाही, पण रविवार पूर्ण देतात.’

‘मान्य आहे मॅडम. पण रविवारी माझ्या शाळेत मुलंच नसतात. मुलं नसलेल्या दिवसाला मी आंतरवासिता कसं म्हणू?’

या वाक्यापाशी सरांची बाजू भक्कम आहे. मॅडमची बाजूही खोटी नाही. घटनेच्या तिसाव्या कलमाने अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था चालवण्याचा हक्क दिला आहे, आणि शब्बाथ वगळून अशी संस्था चालवणं या पंथाच्या दृष्टीने अर्थहीन. पण हा हक्क संस्थेच्या फाटकापर्यंत चालतो. आंतरवासिता फाटकाबाहेर, दुसऱ्याच्या शाळेत, दुसऱ्याच्या वेळापत्रकात होते. अमेरिकेतल्या ॲडव्हेंटिस्ट विद्यापीठांच्या शिक्षण विभागांना हा प्रश्न असा पडत नाही, कारण तिथल्या शाळा शनिवारी बंदच असतात. आपल्याकडे सहा दिवसांचा आठवडा आणि सकाळची शाळा ही शाळेची मुरलेली सवय आहे.

शनिवारी शाळेत काय असतं

बैठकीत अर्धा तास टक्केवारी चालली. शनिवारी शाळेत नेमकं काय होतं, हे कुणीच कुणाला विचारलं नाही. माझ्या मते प्रकरणाची खरी गाठ इथे होती.

या शाळेत शनिवारी परिपाठ लांबतो. मैदानावर सामूहिक कवायत होते, ड्रमच्या तालावर हात वर-खाली. वर्गात नखं तपासतात. आठवीच्या मुली पुढच्या आठवड्याचा फलक रंगीत खडूंनी सजवतात: सुविचार, दिनविशेष, म्हणी. 2024 मध्ये राज्याने पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ आणला, तेव्हापासून या शाळेत पाचवी ते आठवीच्या मुलांचं दप्तर शनिवारी घरी राहतं. कधी रहदारीचे नियम, कधी प्रथमोपचार, कधी श्वासाचे व्यायाम, कधी नुसतेच खेळ. दहानंतर पालक येतात, कारण आठवडाभर ते कामावर असतात. एका कोपऱ्यात वर्गशिक्षिका पोषण आहाराची नोंदवही जुळवत असतात, दुसरीकडे लिपिक ऑनलाइन माहिती भरताना नेटवर्कला शिव्या घालत असतात.

आता यातलं काय चुकलं? तासिकेत उभं राहून अपूर्णांक शिकवणं चुकलं नाही, ते पाच दिवस होतच होतं. चुकलं ते तासिकेबाहेरचं. वर्गात मान खाली घालून बसणारा पोरगा कवायतीत सगळ्यांच्या पुढे असतो. कुणाच्या घरून कोण येतं, आई येते की शेजारची काकू, हे पालकांच्या रांगेत दिसतं. वर्गशिक्षक नावाच्या माणसाचा निम्मा दिवस कागदांत जातो, हे टाचणाच्या कुठल्याही रकान्यात येत नाही. आंतरवासिता वाढवण्यामागे हीच अपेक्षा होती की नुसते पाठ देऊन परत येऊ नका, शाळेत मुरा.

विभागाने मात्र शनिवारची अडचण पहिल्यापासून गैरहजेरी म्हणून हाताळली. दरवर्षी एक छापील विनंतीपत्र जायचं: धार्मिक कारणास्तव शनिवारी सूट मिळावी. बहुतेक शाळा देत. त्यांनाही बी.एड.ची मुलं नको असायची, कारण सराव पाठांनी अभ्यासक्रम मागे पडतो अशी शिक्षकांची कायमची कुरकुर. या मुख्याध्यापकांना मुलं हवी होती म्हणून ते अडून बसले. हे विभागाच्या लक्षात यायला वेळ लागला.

दोघांचे दोन मार्ग

आठ जणांत तीन ॲडव्हेंटिस्ट होते, दोन इतर ख्रिस्ती, तीन हिंदू. सूट मात्र आठही जणांना, कारण शब्बाथ विभाग पाळतो, एकेकटा विद्यार्थी नाही. शनिवारी विभागाच्या नावाने कुठलंही शैक्षणिक काम होणार नाही, हा नियम.

गणिताचा छात्राध्यापक बारामतीकडचा. शनिवार त्याला मोकळाच. पत्राची बातमी कळल्यावर तो कुणाला न विचारता शाळेत गेला, कवायतीला उभा राहिला, सातवीच्या मुलांना दोरीच्या गाठी शिकवून आला. शाळा खूश. त्याने हजेरीपत्रकावर सही केली. विभागात मात्र अडचण झाली. ती सही मान्य करायची तर शब्बाथच्या दिवशीचं काम मान्य केल्यासारखं. अमान्य करायची तर मुलाने स्वतःच्या वेळेत केलेलं चांगलं काम पुसून टाकायचं. मॅडमनी मधला मार्ग काढला: तो नागरिक म्हणून शाळेला मदत करू शकतो, पण गुणांत किंवा उपस्थितीत ते धरलं जाणार नाही.

मला हा तोडगा पटत नाही. कागदावर दोन्ही बाजू राखल्या गेल्या, पण शाळेत तुलना सुरू झाली. शिक्षक-खोलीत ‘तो बघा, येतो की’ असं म्हटलं जाऊ लागलं, आणि ते ऐकणारे तीन ॲडव्हेंटिस्ट विद्यार्थी होते. सूट सगळ्यांना सारखी असताना ती विभागाची गोष्ट होती. एकाने ती सोडल्यावर उरलेल्यांची श्रद्धा ही त्यांची खाजगी उणीव ठरायला लागली. मुख्याध्यापक शेवटी ‘शालेय उपक्रमांतील सहभाग’ या शीर्षाखाली जो शेरा लिहितात त्यात हे झिरपल्याशिवाय राहत नाही.

मराठीची छात्राध्यापिका या तिघांपैकी. जालन्याकडची, तिचे वडील ॲडव्हेंटिस्ट शाळेत शिक्षक. घरात शनिवारी चूल पेटत नाही अशा घरातली. तिने विभागाला न विचारता अर्ज केला, आणि तो थेट मुख्याध्यापकांना. अर्धं पान. त्यात सूट मागितलीच नव्हती. शनिवारचा फलक मी शुक्रवारी शेवटच्या तासाला आठवीच्या मुलींबरोबर पूर्ण करून देईन, म्हणजे शनिवारी मुली नुसता वाचून दाखवतील. आनंददायी शनिवारचं साहित्य शुक्रवारी वर्गशिक्षिकांच्या ताब्यात देईन. ज्यांच्या पालकांना शनिवारी भेटता येत नाही अशांच्या घरी बुधवारी शाळा सुटल्यावर वर्गशिक्षिकांबरोबर जाईन. सोमवारी पहिल्या तासाला शनिवारी काय झालं ते मुलांकडून लिहून घेईन. स्नेहसंमेलन डिसेंबरात शनिवारी आहे, ते सूर्यास्तानंतर असल्यास पूर्ण वेळ उपलब्ध.

शेवटची ओळ वाचून सरांनी तिला बोलावून घेतलं. ‘म्हणजे सहानंतर चालतं तुम्हाला?’ ‘हो सर, सूर्य मावळला की चालतं.’ कार्यक्रम साडेपाचला ठरला होता. तो सव्वासहाला झाला. त्यासाठी कुणाला धर्म, घटना, कलम काहीच काढावं लागलं नाही, मंडपवाल्याला एक फोन लागला.

बुधवारच्या गृहभेटींची कल्पना सगळ्यांत जास्त कामी आली. शनिवारी न येणारे पालक बहुतेक बांधकामावरचे आणि घरकामाला जाणाऱ्या बायका. त्यांना शनिवार सुट्टीचा नसतोच. शाळेने वर्षानुवर्षं पालकभेट शनिवारी ठेवली होती आणि तेच ते पालक येत नाहीत म्हणून तक्रारही केली होती. वर्गशिक्षिकांनी आधी कुरकुर केली, शाळा सुटल्यावर वस्तीत कोण जाणार म्हणून. नंतर त्यांनीच आठवीच्या दुसऱ्या तुकडीलाही बुधवार लावून घेतला.

निकाल आणि शिल्लक

विभागाने तिचा अर्ज नमुना म्हणून घेतला आणि पुढच्या वर्षीच्या सामंजस्य करारात कलम घातलं: प्रत्येक छात्राध्यापक आंतरवासितेच्या पहिल्या आठवड्यात शाळेशी बोलून शनिवारच्या कामाची आपली वाटणी लेखी ठरवेल, आणि ती पूर्ण झाल्यास त्या दिवसाची नोंद ‘पर्यायी शालेय कार्य’ अशी होईल. मुख्याध्यापकांनी हे मान्य करून प्रमाणपत्रं दिली. टक्केवारीच्या रकान्यात पाच दिवसांच्या आठवड्याचा छेद धरला गेला, शेजारी तशी टीप. तपासणी झालीच तर ही टीप टिकेल का, यावर विभागात दोन मतं आहेत. गणिताचे सर म्हणतात टिकेल. लेखापालांना खात्री नाही.

बारामतीकडच्या मुलाच्या शनिवारच्या सह्यांचं काय करायचं हे मात्र ठरलं नाही. त्या हजेरीपत्रकावर आहेत, विभागाच्या फाइलमध्ये नाहीत.

आणि एक मोठी शिल्लक राहिली, तिच्याबद्दल विभागात बोललंच जात नाही. दोन वर्षं शब्बाथची राखण विभाग करतो. पदवी हातात पडली की काय? ॲडव्हेंटिस्ट शाळेत नोकरी लागली तर प्रश्न नाही, तिथेही आठवडा असाच असतो. पण तशा शाळा थोड्या. शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून जिल्हा परिषदेच्या शाळेत रुजू झाल्यावर शनिवारची सकाळची शाळा ठरलेली आहे, आणि तिथे विनंतीपत्र छापून देणारा विभाग मागे उभा नसतो. कमी शिक्षकांच्या लहान शाळेत तर एकाने शनिवार सोडला की त्याचे वर्ग दुसऱ्यावर पडतात. अशा जागी गटशिक्षणाधिकाऱ्यांशी काय बोलायचं, सहकाऱ्याला काय द्यायचं आणि कुठे नोकरीच घ्यायची नाही, हे ठरवण्याची तालीम बी.एड.च्या काळातच व्हायला हवी. छापील पत्राने ती होत नव्हती. चर्चेत हे प्रकरण देताना मी प्रशिक्षकांना छात्राध्यापिकेचा अर्ज आधी वाचायला देतो आणि विनियमांचं पान नंतर. उलटं केलं की सगळा वेळ टक्केवारीत जातो.

मराठीच्या छात्राध्यापिकेने शिक्षक अभियोग्यता चाचणीचा फॉर्म भरला आहे. कमी शिक्षकांच्या लहान शाळा तिने टाळायच्या ठरवल्या आहेत. वडिलांचं म्हणणं आहे की आपल्याच शाळेत ये. पगार तिथे जिल्हा परिषदेच्या निम्माही नाही.